जुळवणीचा तुकडा

रविवार, १२ जानेवारी २०२५

नवी वही. दोनशे पानी, आखीव. दुकानातल्या तक्रारवहीसारखे चार रकाने आखले: तक्रार, तपासणी, दोष, उपाय. सुभाष रोडवर चौतीस वर्षं रेडिओ, टीव्ही, इन्व्हर्टर आणि हल्ली चार्जर दुरुस्त करतो आहे. या चार रकान्यांनी मला कधी दगा दिलेला नाही. दोष सापडला की उपाय सापडतो. लोक आधी उपाय शोधतात म्हणून फसतात.

वर ‘वस्तूचे नाव’ असा पाचवा रकाना चुकून आखला गेला होता. तो खोडला. अक्का वस्तू नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण वेणू. वय अडुसष्ट. धारवाडातल्या मराठी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, अजून रस्त्यात लोक ‘वेणूबाई’ म्हणून थांबतात. मी तीन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून मला हिनंच वाढवलं. लग्न केलं नाही. माझ्याच घरी राहते. खरं म्हणजे मी तिच्या घरी राहतो.

काल तिला हुबळीला देशपांडे नगरातल्या डॉक्टरांना दाखवलं. अल्झायमर. पहिली पायरी ओलांडलेली आहे म्हणाले. मी विचारलं, दोष नेमका कुठे? ते हसले. ‘असा एका जागी बोट ठेवता येत नाही हो.’ म्हणजे त्यांना माहीत नाही. बाकी, जवळ बसा, ओळखतात तोवर बोलून घ्या, वर्षभराचं काही सांगता येत नाही, असं बरंच बोलले. ते तांत्रिक नसल्यामुळे इथे सविस्तर लिहीत नाही.

रेडिओ मी कुणाकडे शिकलो नाही. टीव्ही शिकलो नाही. दुकानाच्या पाटीवर ‘स्वयंशिक्षित तंत्रज्ञ’ असं स्वतः रंगवलं आहे. हाही विषय शिकता येईल.

रविवार, १९ जानेवारी

माझी मुलगी दीपश्री बेंगळूरहून आली आहे. तिथे ती मेंदूच्या पेशींवर संशोधन करते, तिसरं वर्ष चालू आहे. तिला म्हटलं, मला लहान मूल समजू नको, सर्किटसारखं सांग.

तिनं सांगितलं ते असं. मेंदूतल्या पेशीच्या आवरणातून एक प्रथिन आरपार ओवलेलं असतं. त्याचं शेपूट पेशीच्या आत. या प्रथिनावर कात्र्या चालतात, ते रोजचंच. पण काप विशिष्ट जागी पडला तर जो तुकडा सुटतो तो बाहेर साचतो, त्याच्या गाठी होतात. आता, प्रथिन कुठल्या वाटेनं जाईल आणि कुठल्या कात्रीपुढे येईल, हे काही अंशी त्याचं शेपूट कोणी धरलंय यावर ठरतं. धरणाऱ्यांना म्हणतात अडॅप्टर प्रोटीन.

मी म्हटलं, ‘काय म्हणतात?’

‘अडॅप्टर, अप्पा. तुमच्या दुकानातलाच शब्द. एकाचं नाव एक्स-११, एकाचं फे-६५.’

‘ही नावं की पार्ट नंबर?’

‘पार्ट नंबरच समजा की.’

मी उठून कपाटातून माझं पुस्तक काढलं. रेडिओ दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक, पुठ्ठा गेलेला. मॅट्रिकला नापास झालो त्या वर्षी, शाळेतून येताना अक्कानं रद्दीवाल्याकडून आणलं होतं. मला इंग्रजी येत नव्हतं, पण नशीब असं की आधीच्या मालकानं अवघड शब्दांचे अर्थ समासात मराठीतून पेन्सिलीनं लिहून ठेवले होते. अक्षर छापल्यासारखं, एकेक सुटं. ‘ळ’ची दोन्ही वेटोळी मापून काढल्यासारखी सारखी. ड्राफ्ट्समन असावा. पान २१२ नंतर खुणा थांबतात. मेला असेल किंवा नोकरी लागली असेल. विद्वान माणूस, पण वायरिंग केलेली नाही: ‘चोक’ म्हणजे तारेची गुंडाळी, पण त्या शब्दापुढे त्यानं ‘गुदमरणे’ असं लिहिलंय. सतराव्या वर्षी ती चूक मी पकडली होती. या माणसाला एकदा भेटावं असं फार वाटायचं.

पान ८८. अडॅप्टर: ‘जुळवणीचा तुकडा. दोन टोकं एकमेकांत बसत नसतील तर मधे घालायचा.’

दीपश्रीला दाखवलं. ती म्हणाली, ‘यापेक्षा चांगलं आमच्या पुस्तकातही नाही. एकच लक्षात ठेवा अप्पा, अडॅप्टर स्वतः काही कापत नाही, काही घडवत नाही. नुसता धरून ठेवतो. कोण कुणाजवळ बसेल एवढंच बघतो.’

दोषाच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं: जुळवणी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तक्रार: अक्का म्हणते तिचा रेडिओ बंद पडलाय. तपासणी: सेल नवे, आवाज स्वच्छ, धारवाड केंद्र लागतं. दोष: नाही. बटण बंदकडे फिरवलेलं होतं. तिला तसं सांगितलं. सव्वा तासानं पुन्हा तीच तक्रार. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा जरा आवाज चढला.

भाषेची तपासणी: उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, ही या घरात अक्काचीच शिस्त. लहानपणी मी आत कन्नड बोललो की कान धरायची. आज दारात दूधवाली आली तेव्हा कन्नड, आत वळल्यावर मराठी. दोन्ही बरोबर.

सोमवार, १७ फेब्रुवारी

चष्मा फ्रिजमध्ये. दुधावर दोनदा साखर. मला विचारलं, शाळेची घंटा झाली का. नाही म्हटलं तर, ‘मग मुलं एवढी गप्प कशी?’

रविवार, २३ फेब्रुवारी

आज पूर्ण दिवस काम. दीपश्रीनं पाठवलेले सहा शोधनिबंध छापून घेतले. पहिलं वाक्य उलगडायला चाळीस मिनिटं लागली, दुसऱ्याला पंचवीस. जमेल. एक्स-११ नं शेपूट धरलं की घातक तुकडा कमी तयार होतो असं प्रयोगात दिसलंय. फे-६५ बद्दल एक म्हणतो वाढतो, दुसरा म्हणतो कमी होतो. म्हणजे मोजमापात कुणाची तरी चूक आहे.

प्लायवूडचा तुकडा घेतला, दोन फूट बाय दीड. त्यावर ही सगळी जोडणी दाखवणार: चौदा एलईडी, दोन स्विच. एक स्विच एक्स-११, दुसरा फे-६५. चुकीचा काप पडला की लाल लागेल.

कौसल्या, म्हणजे आमची ही, चहा ठेवायला आली. बघून म्हणाली, ‘छान आहे की. अक्काला यात बसवणार का?’

चहा बाजूला सरकवला.

बारा वाजता अक्का खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘प्रभ्या, ये की जरा, बस माझ्याजवळ.’ मी म्हटलं, दहा मिनिटं, हा सोल्डरचा सांधा गरम आहे. एक वाजून दहा मिनिटांनी मोकळा झालो. तोवर ती झोपली होती. बोर्डवर नऊ दिवे लागले.

मंगळवार, १८ मार्च

लेखनाची तपासणी, डॉक्टरांनी दिलेल्या लक्षणांच्या कागदाप्रमाणे. वेळ घड्याळ लावून. अक्काला म्हटलं, कोणताही शब्द लिही. तिनं ‘कमळ’ लिहिलं. एरवी तिचं अक्षर तिरपं, जोडून, हजेरीपटावर लिहितात तसलं. आज एकेक अक्षर सुटं, पहिलीच्या मुलांसाठी फळ्यावर काढतात तसं. ‘ळ’ची वेटोळी सारखी. वेळ: एक मिनिट वीस सेकंद. शुद्धलेखन बरोबर. हाताचा कंप किंचित. पाचपैकी चार दिले.

मग तिनं माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि माझ्या शोधनिबंधाच्या समासात काहीतरी लिहायला लागली. कागद महत्त्वाचा होता, काढून घेतला. बराच वेळ रिकाम्या टेबलावर बोट फिरवत होती. हे लक्षण कागदात दिलेलं नाही, तरी नोंदवून ठेवतो.

बुधवार, ९ एप्रिल

चांगली बातमी. गेले सहा-सात आठवडे अक्का माझ्याशी जवळजवळ बोललीच नव्हती. आज संध्याकाळी दुकानातून आलो, पिशवी अजून खांद्याला होती, तर उठून उभी राहिली. म्हणाली, ‘बर्री, कूड्री. रेडिओ आतेन्री?’

या, बसा, रेडिओ झाला का. अख्खं वाक्य कन्नडात, एक चूक नाही. क्रियापद जागेवर, आदरार्थी ‘री’ जागेवर. चहा घेणार का, तेही विचारलं: ‘चा कुडीतीरेन्री?’ म्हणजे कन्नडची जोडणी शाबूत आहे. शोधनिबंधांत असं कुठे वाचलेलं नाही. दोन भाषांच्या वायरी वेगवेगळ्या खोबणीतून गेल्या असाव्यात. दीपश्रीला कळवायला हवं.

कौसल्येला वाचून दाखवलं. ती उठली. आत गेली. डाळ बघायची होती म्हणाली.

सोमवार, १४ एप्रिल

कन्नड: सकाळी दोन वाक्यं, संध्याकाळी तीन. सर्व ‘री’सकट. मराठी: कौसल्येशी थोडं. माझ्याशी शून्य.

शुक्रवार, २ मे

दीपश्रीचा फोन. अक्काच्या कन्नडचा माझा सिद्धांत सांगितला, नोंदी तारीखवार वाचल्या. सोळा वाक्यं झाली आहेत, सोळाही निर्दोष.

 मला वाटलं लाइन गेली.

मग म्हणाली, ‘अप्पा, आत्या कन्नड कुणाशी बोलते हो?’

‘दूधवाली, पोस्टमन, इस्त्रीवाला. बाहेरच्यांशी.’

‘आणि री कुणाला लावते?’

मी म्हटलं, ‘बाहेरच्यांनाच की.’

 मग अगदी हळू, ‘तिनं तुम्हाला नावानं हाक मारली ती शेवटची कधी?’

मी म्हटलं, त्याचा रकाना नाही.

फोन ठेवला. वही उघडली. रकाना नव्हता, पण मी सगळं लिहून ठेवतो. मागे मागे गेलो. एप्रिलमध्ये नाही. मार्चमध्ये नाही. सापडलं. रविवार, २३ फेब्रुवारी, बारा वाजता. ‘प्रभ्या, ये की जरा, बस माझ्याजवळ.’

त्याखाली माझ्याच अक्षरात: दहा मिनिटं.

शनिवार, ३ मे

दुकान बंद ठेवलं.

बुधवार, ७ मे

दीपश्रीला फोन करून सरळ विचारलं. ही अडॅप्टरं समजली तर औषध कधी? ती म्हणाली, ‘अप्पा, आम्ही अजून पेशींमध्ये आणि उंदरांमध्ये बघतोय. एकच प्रथिन दहा जणांचे हात धरतं, एकाला हलवलं की बाकीचे हलतात. कधीतरी उपयोग होईल म्हणूनच करतो. पण आत्यासाठी नाही. तुम्हाला खोटं सांगणार नाही.’

बरं केलंस म्हटलं. गिऱ्हाइकाला मीही खोटं सांगत नाही. काही सेट आणले की बघताक्षणी सांगावं लागतं.

बोर्ड खोलला. चौदा एलईडी डबीत परत. दोषाच्या रकान्यात पेन्सिलीनं ‘जुळवणी’ लिहिलेलं होतं ते खोडलं नाही. ते चूक नसावं.

शुक्रवार, १६ मे

तिच्याजवळ जाऊन बसलो. मराठीत म्हटलं, ‘अक्का, मी प्रभ्या.’ तिनं पदर सारखा केला, जरा सरकून बसली. भीती होती डोळ्यांत. परका माणूस पलंगावर येऊन बसला तर कुठली बाई घाबरणार नाही? उठलो.

शनिवार, १७ मे

पुन्हा बसलो. पुन्हा तसंच. कौसल्या आत आली, अक्काच्या पाठीवरून हात फिरवला, मला डोळ्यांनी बाहेर जा म्हणाली.

रविवार, ८ जून

कल्पना कौसल्येची. सकाळी म्हणाली, ‘मागच्या दारानं बाहेर पडा. पिशवी घ्या आणि पुढच्या दारानं या. कडी वाजवा.’

‘माझ्याच घराची?’

‘उंबऱ्याबाहेरचा म्हणून तरी या. तसे तरी त्या तुम्हाला घरात घेतील.’

मला राग आला. या घरात मी तीन वर्षांचा होतो. मग पिशवी घेतली. कडी वाजवली. अक्कानंच दार उघडलं. ‘बर्री, बर्री.’ चेहरा इतका उजळलेला मी जानेवारीपासून पाहिला नव्हता. चपला बाहेर काढल्या. पाहुण्याच्या खुर्चीवर बसलो. तिनं स्वतः आतून रेडिओ आणून माझ्या पुढ्यात ठेवला.

दोष नसलेला सेट उघडणं माझ्या तत्त्वात बसत नाही. चौतीस वर्षांत केलेलं नाही. आज चार स्क्रू काढले, मागचं झाकण उघडलं, ब्रशनं धूळ झाडली. ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होती. मी कन्नडात म्हटलं, वायर सैल झाली होती री. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बहिणीला ‘री’ लावला.

‘गोत्तित्तु,’ ती म्हणाली. मला ठाऊक होतं. आणि हसली.

एकोणचाळीस मिनिटं बसलो. हे मोजायचं नव्हतं, पण समोर घड्याळ होतं.

शनिवार, २१ जून

आता दर दिवशी येतो. तिला कालचा मेकॅनिक आठवत नाही, पण रेडिओ बिघडलेला आठवतो. सोल्डरिंग आयर्न गरम झालं की नाक वर करून वास घेते. सैल वायरीच्या दोन टोकांकडे बोट दाखवून विचारते, ही दोन जुळतात का री? मी सांगतो, मधे काहीतरी घातलं की जुळतात.

मराठी एकही शब्द नाही. मी तपासत नाही.

रविवार, २९ जून

सकाळी दहा. कडी वाजवली, आत आलो. कौसल्येनं अक्काला सांगून तिच्याकडून चहा करवला, साखर विसरली होती, मी प्यालो. झाकण उघडलं.

अक्का बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, ‘नन्न तम्मानू इद केलसा माडतान्री.’ माझा धाकटा भाऊपण हेच काम करतो.

मी मान वर केली नाही. कन्नडात विचारलं, असं का री, कुठे असतात ते?

‘मोठ्या दुकानात. फार हुशार. फार गर्विष्ठ.’ हे सगळं ती कन्नडात सांगत होती, आणि परक्याला सांगावं तसं मोकळं. मॅट्रिकला नापास झाला, म्हणाली, आणि खोलीत जाऊन बसला. कुणी शिकवायला गेलं की पुस्तक फेकायचा. मी एवढ्या पोरांना शिकवते, पण माझ्याकडून शिकेना. बहिणीपुढे मान खाली घालायची कशी? रेडिओचा मात्र नाद.

मी एक स्क्रू काढला आणि तोच परत लावला.

‘आमच्या शाळेत गोपाळ मास्तर होते, सायन्सचे. मी एक इंग्रजी पुस्तक आणलं. जेवणाच्या सुट्टीत रोज मास्तरांना विचारायची, या शब्दाचा अर्थ काय, त्याचा काय. पेन्सिलीनं कडेला लिहायची. माझं अक्षर तो ओळखेल, म्हणून फळ्यावरचं अक्षर काढलं. तीन महिने. मग मास्तरांची बेळगावला बदली झाली. राहिलेलं तसंच राहिलं. घरी सांगितलं, रद्दीत मिळालं.’

मी विचारलं, मग शिकला का तो?

‘शिकला की. स्वतः शिकला.’ ती ठामपणे म्हणाली. ‘मी नुसते अर्थ लिहिले. एक दिवस मास्तर रजेवर होते, मी डिक्शनरी बघून एक शब्द चुकीचा लिहिला. तो शब्द त्यानं पकडला. दोन दिवस घरभर नाचत होता, या विद्वानाला काही येत नाही म्हणून.’ तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की कौसल्या दारात येऊन उभी राहिली. ‘मी आत जाऊन हसले. त्याच्यासमोर नाही.’

मग एकदम गंभीर झाली. पुढे वाकली. माझ्या मनगटावर हात ठेवला. परक्याच्या हातावर ती हात ठेवत नाही.

‘अंवग हेळब्याड्री.’ त्याला सांगू नका. वाईट वाटेल त्याला.

मी म्हटलं, ‘हेळूदिल्री.’

नाही सांगणार.

झाकण लावलं, चार स्क्रू आवळले, बटण फिरवलं. धारवाड केंद्र लागलं. तिनं हात जोडले. मी पिशवी घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडलो आणि चपला घालायला खाली बसलो तो बराच वेळ उठलो नाही.

पुस्तक कपाटात आहे. पान ८८ बघावंसं वाटतंय. बघितलं नाही. ही वही तिच्या भावाची आहे, आणि त्याला सांगणार नाही असं मी कबूल केलंय. एवढं लिहिलं तेही जास्त झालं.